किंजळीतली चाती

मी आत्ता स्टुलावर उभी आहे. दोन्ही हात वर करून तुळईतल्या एका भोकावर दाबून धरलेत. हसायचं तर हसा, पण माझं डोकं ठिकाणावर आहे. सुबोध आणि माझी सून श्रुतिका हॉस्पिटलात गेलेत, आणि तिकडून काही कळेपर्यंत मी हात काढणार नाही.

सुबोध माझा एकुलता एक. आर्किटेक्ट आहे, आणि साधासुधा नाही, झाडं वाचवणारा. सिमेंटचं नाव काढलं की याच्या कपाळाला आठ्या. सह्याद्रीतलं पावसाचं रान आपल्याच दारं-खिडक्यांनी खाल्लं, असं लोकांना सांगत फिरतो. दिंडोशीच्या आमच्या खोलीत बसून मी मोबाईलवर त्याची भाषणं ऐकायची आणि शेजारणींनाही बळंच ऐकवायची. पोरगं खरं बोलतंय याचा मला अभिमान होता. अजूनही आहे, तेच तर दुखतंय.

हे बोरिवलीचं घर त्याने स्वतःसाठी केलं. जुन्या बिल्डिंगचा तळमजला, मागच्या खिडकीतून नॅशनल पार्कची झाडं दिसतात. भिंतींना माती-शेणाचं लिंपण, वर बांबू, एसी नाही तरी गारेगार. झकास केलंय, खोटं कशाला बोलू. आणि मधोमध ही जाडजूड तुळई. हिलाच पाळणा टांगायचा, असं दोघांनी ठरवलेलं. श्रुतिकाला आठवा महिना लागलाय.

आज सकाळी मला पहिल्यांदा घर दाखवायला आणलं.

"सगळं जुनं लाकूड आहे, आई," सुबोध म्हणाला. "गिरण्या पाडल्या ना, त्यांच्यातलं. एक नवं झाड तोडलेलं नाही."

मी तुळईला हात लावला. गार, ओलसर लागली. जुन्या लाकडाला धुळीचा वास येतो, हिला रानाचा येत होता.

"अरे, हे ओलं आहे."

"पॉलिश ताजं आहे गं. तू पण ना!"

तेवढ्यात तुळई कडकन वाजली. मी दचकले. श्रुतिका पोटावर हात ठेवून कसंनुसं हसली. "रोज वाजते, आई. मला तर आता सवय झाली." मला ते मुळीच आवडलं नाही. भरल्या पोटाच्या बाईच्या डोक्यावर लाकूड बोलतं म्हणजे काय!

मग सुबोधने मला त्याच्या बाबांच्या फोटोपाशी नेलं. फोटोखालच्या फळीवरून काहीतरी उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "ओळख बघू. सुतार तुळई कापत होता तर करवत अडकली. पार आत, गाभ्यात होती ही, निघाली तिथलं भोक अजून दिसतंय बघ. आता तरी पटलं, गिरणीचं लाकूड आहे ते?"

चाती होती. सूत कातायच्या यंत्रातली लोखंडी चाती. सुबोधचे बाबा लालबागच्या गिरणीत आयुष्यभर याच चात्यांपुढे उभे राहिले. टोक ठेचलेलं, वाकलेलं. आणि बुडाशी एक काळपटलेली कडी.

"ही कडी काय ते कळलं नाही," सुबोध म्हणाला. "वॉशर असेल."

वॉशर! माझ्या उजव्या पायातलं जोडवं होतं ते.

सुबोधच्या आधी माझी दोन गेली. दोन्ही आठव्यातच. पोटातल्या पोटात हलायची थांबली. मग सासूबाई मला गावी घेऊन गेल्या, घाडीबुवांकडे. देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि असलं काही बांधायचं काम गावात त्यांचंच. ते सुबोधच्या बाबांना म्हणाले, तू ज्या लोखंडावर जगतोस ते आण. यांनी चाती आणली. माझ्या पायातलं जोडवं तिच्यात ओवलं, आणि देवराईतल्या तळ्याकडच्या किंजळीच्या झाडात दगडाने चाती ठोकली. झाड हिला गिळेल, घाडीबुवा म्हणाले, आणि झाड उभं आहे तोवर पोरं नेणारं जे काही आहे ते तिच्यात अडकून राहील. मागाहून जो जन्मेल त्याला मात्र हे कधी सांगायचं नाही. मी कधीच सांगितलं नाही. आमच्या राईतलं वाळकं पानसुद्धा कोणी चुलीला आणत नाही, मग किंजळीला कोण हात लावणार, असं वाटायचं.

श्रुतिकासमोर मी चकार शब्द काढला नाही. पाठ टेकायला तिला आत पाठवलं. सुबोधला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं आणि गावी बाळा नावाच्या माझ्या पुतण्याला फोन लावला. स्पीकर चालू.

"बाळा, राईतली किंजळ आहे ना रे? तळ्याकडली?"

पलीकडे नुसतं खाकरणं. मग म्हणाला, "नाय काकी. शिमग्यानंतर राय तोडली, लाकूड मुंबैक इकला. देवळार स्लॅब घालूचो होतो. देवाक इचारूनच केला. कौल लावलो, उजवो इलो."

"अरे मेल्यांनो, देवाचं रान विकून देवाला स्लॅब?" मी ओरडलेच. "पाण्याचं काय केलंत?"

"तळा आटला." मग आवाज एकदम बारीक करून म्हणाला, "काकी, श्रुतिका बरी आसा मा?"

"का रे?"

"शेवंतीचा पोटात रवला नाय. आठव्यात गेला." शेवंती म्हणजे त्याची भावजय.

चाती आणि जोडवं सुबोधपुढे धरून मी त्याला सगळं सांगितलं. आता सांगायचं नाही म्हणून उरलं काय होतं? वाटलं, हसेल, अंधश्रद्धा म्हणून उडवून लावेल. तो ओट्याला टेकून खालीच बसला.

"ही सापडली तेव्हा मी रडलो होतो, आई," तो म्हणाला. "वाटलं, बाबांच्याच गिरणीचं लाकूड माझ्या घरी आलं. लाकूड जड लागत होतं, सुतार म्हणत होता ओलं आहे. मी त्यालाच गप्प केलं, ही चाती दाखवून." मग माझ्या हातातलं जोडवं बघत म्हणाला, "मी जगाला शिकवतो गं. आणि आपलीच राई..."

मला त्याचा राग आला होता, आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटत होतं. यातलं काहीच करायला मिळालं नाही. दार ढकलून श्रुतिका आत आली. चेहरा पांढराफटक.

"सुबोध, सकाळपासून बाळ हललं नाही रे. मला वाटलं, झोपलंय."

सुबोध ताडकन उठला. चावी, फाईल, चपला, सगळी धावपळ. मी सोबत निघाले तर त्याने मला दारातच अडवलं. श्रुतिका रिक्षात बसत होती. तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू तो म्हणाला, "आई, तू थांब. ती चाती परत आत घाल."

माझा सुबोध असं म्हणाला.

मी बत्त्याने ठोकून पाहिली. जिवंत झाडाने पकडली होती, हे लाकूड पकडत नाही. ठोकली की धरल्यासारखी वाटते, हात काढला की जोडव्यासकट खण्णकन खाली. पुन्हा घातली, पुन्हा पडली. म्हणून ही अशी दाबून उभी आहे. खांदे भरून आलेत. तळव्यांखाली लाकूड थरथरतंय असं वाटतं, माझेच हात असतील. मघाशी एकदा वाजलं आणि चिरेतून पाण्याचा थेंब माझ्या मनगटावर आला.

देवा महाराजा, आमचं काय चुकलं असेल ते माझ्या पदरात घाल. त्या पोरीला मोकळी कर.

फोन वाजतोय. तिकडे फळीवर, यांच्या फोटोखाली. सुबोधचाच असणार. थांबतो आणि पुन्हा वाजतो. उचलायचा तर हात काढावा लागेल.