डबीवर लिहिलं होतं: अन्न

तुम्हीच मारलंत त्याला. सही-शिक्क्यानिशी, कचेरीच्या वेळात.

माझा नवरा हिंडर्क अडतीस वर्षं एमडेनला रेल्वेच्या सिग्नल-केबिनमध्ये होता. छापलेल्या शब्दाबाहेर त्यानं कधी पाऊल टाकलं नाही. साखरेचा आजार वीस वर्षांचा. मार्चमध्ये हृदयाचे ठोकेही चुकायला लागले. डॉक्टरीणबाईंनी रक्त पातळ करायची गोळी द्यायचं ठरवलं आणि आधी फॉर्म दिला. ‘सध्या कोणती औषधं घेता?’ हिंडर्कनं दोन लिहिली आणि पेनाला टोपण लावलं.

“आणि त्या कॅप्सूल?” मी म्हटलं. साखरेसाठी दालचिनीच्या, हृदयासाठी लसूण आणि गिंको नावाच्या झाडाच्या पानांच्या अर्काच्या. दिवसाला सहा गिळायचा.

“थेडा, वाचता येतं ना तुला? डबीवर काय छापलंय? आहारपूरक. म्हणजे अन्न. इथं औषधं विचारलीत. उद्या बटाटेही लिहू?”

“लिही की. पोतंभर खातोस.”

तो हसला. मीही हसले, करंटी.

नव्या गोळीच्या एकविसाव्या दिवशी चहा ओतता ओतता तो कलंडला. मेंदूत रक्तस्राव. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, “आणखी काही घेत होते?” मी पिशवीतल्या डब्या त्याच्यापुढे ओतल्या.

“हा अर्क, आणि वर ती गोळी? रक्त थांबायचं कसं! आधी का नाही सांगितलंत, फ्राउ बोमगार्डन?”

“तुम्ही लोकांनी औषधं विचारलीत.”

त्यानं डब्यांवरची नावं लिहून घेतली.

मी तुम्हाला, अन्नपदार्थांची नोंद करणाऱ्या कचेरीला, पत्र लिहिलं. तुमचं उत्तर आलं: वस्तू अन्न म्हणून नोंदलेली आहे, औषधी परिणामांबद्दल संबंधित खात्याला विचारावं. त्या खात्याला विचारलं. ते म्हणतात, औषध नाही, आमचा संबंध नाही. मग डबीवर ते लालभडक हृदय कशाला? दुधाच्या पुड्यावर मूत्रपिंडाचं चित्र पाहिलंय कुणी?

हिंडर्कचे डोळे उघडे असतात, पण बघत नाहीत. मी त्याचा हात चोळते. हात आहे, तो नाही.

सोमवारी दहा वाजता श्वासाचं यंत्र काढणार. मी होकार दिलाय. तुमच्या उत्तरानं तो उठून बसणार नाही, एवढं कळतं मला. तरीही सोमवारच्या आत लिहा. खात्याचं नाव नको, माणसाचं हवं: जी वस्तू रक्त पातळ करते, ती अन्न आहे असं कोणी ठरवलं?