अकरा घरांचा फेरा

मंगल सदलग्याच्या अंगणवाडीत शिक्षिका. गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची ॲडमिनही तीच. रविवारी सकाळी ती भाकरी थापत होती तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या आण्णाप्पांनी ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता. खाली लिहिलेलं, 'या लेकराला छळणारा सापडेपर्यंत पुढं पाठवत ऱ्हावा.'

मंगलनं तो उघडला नाही. पिठाच्या बोटानंच सगळ्यांच्या फोनवरून पुसला आणि गॅस बंद करून तडक शेजारी गेली.

आण्णाप्पा निवृत्त पोस्टमन. ज्याचं पत्र त्यालाच पोचवण्यात जन्म गेलेला सरळ माणूस.

"आण्णा, आणि कुणाला पाठवलासा?"

"अकरा जणांस्नी. पोराच्या भल्यासाठीच की गं!"

"भलं न्हाय होत त्यानं. चिक्कोडीच्या ट्रेनिंगात वकीलबाई सांगत हुत्या. लेकरांचा असला व्हिडिओ पुढं पाठवणं, जपून ठेवणं, दोन्ही गुन्हा. लेकरांच्या लैंगिक छळाचा पोक्सो कायदा लागतो."

आण्णाप्पांचा चेहराच उतरला. "म्हंजे मला धरून न्हेत्यात?"

"आधी आपणच कळवू."

दोघांनी सरकारी सायबर पोर्टलवर तक्रार केली. व्हिडिओ कुठल्या नंबरवरून, किती वाजता आला ते लिहिलं. मग ठाण्यात फोन लावला. फौजदारबाईंनी सगळं टिपून घेतलं आणि म्हणाल्या, "आता डिलीट माड्री, अज्जा, पुसून टाका. ज्यांना पाठवला त्यांनाही सांगा."

"फोनवर सांगितलं तर लोक आधी बघत्यात, मग पुसत्यात," म्हणत आण्णाप्पांनी सायकल काढली.

पहिल्याच घरी जोतिबा टेलर हसून म्हणाला, "कुठला व्हिडिओ? तुमचं काय बी मी उघडत न्हाय, आण्णा!" आण्णाप्पांना याचा आनंद पहिल्यांदाच झाला. बाळाबाईनं मात्र तो निपाणीच्या भावाला धाडला होता. भावानं पुसल्याचं फोनवर कबूल करेपर्यंत आण्णाप्पा तिच्या दारातून हलले नाहीत. अकरा घरं, अकरा कप चहा. संध्याकाळी पोट डबडबलेलं, पण चेहरा खुललेला.

चार दिवसांनी फौजदारबाईंचा फोन आला. व्हिडिओ जुना, दुसऱ्या राज्यातला. गुन्हेगार केव्हाच तुरुंगात गेलेला. मूल मावशीकडं सुखरूप, शाळेतही जात होतं.

आण्णाप्पा तडक मंगलच्या दारात आले. "पोर सावरलंय, आणि आम्ही त्याला गावभर फिरवतोय," ते म्हणाले. "मंगल, हे लोकांस्नी सांगाय पायजे गं."

"मग शुक्रवारी अंगणवाडीत लेकरांच्या आयांची सभा हाय. या."

शुक्रवारी चाळीस बायकांपुढं आण्णाप्पांनी स्वतःची चूक पहिल्यापासून, चहासकट सांगितली. बायका हसून हसून लोळल्या, आणि मग एकेकीनं वही काढून पोर्टलचा पत्ता उतरवून घेतला.