पंजाबरावांच्या दाराशी विसावा

टोरांटोत कोणी पायावर पाय दिला, तरी महामायाच 'सॉरी' म्हणायची. बँकेत, दवाखान्यात ती लेकीच्या मागं उभी राहायची आणि बोलायचं ते धम्मशीलानं. पाच वर्षांची असताना तिकडं गेलेल्या धम्मशीलाला आई ठाऊक होती ती एवढीच. खरं सांगायचं तर तिला या आईची लाज वाटायची.

आता दोघी सोनाळ्याच्या पुढच्या एका खेड्यात आल्या होत्या. महामायाचे वडील, पुंजाजी, गेले होते. तिरडी बांधून झाली तसा नागसेनमामा बहिणीला म्हणाला, "ताई, नाल्याकडून नेऊ."

नाल्याकडून का, तर बौद्धवाड्यातली मयत मोठ्या गल्लीतून न्यायची नाही, असं म्हणे पहिल्यापासून आहे. कोणाच्या पहिल्यापासून, ते कोणी विचारलं नव्हतं. नाल्याला कमरेइतकं पाणी. मागच्या साली वाड्यातल्या कलाबाईची तिरडी तिथंच कलंडली होती, तरी माणसं मुकाट्यानं तिकडंच वळली.

"माहा बाप चिखलातून जाणार नाही," महामाया म्हणाली. तिनं पदर खोचला आणि पुढचा दांडा खांद्यावर घेतला. बायांनी खांदा द्यायचा नसतो, हेही कोणीतरी पुटपुटलं. तिनं ऐकलंच नाही.

मोठ्या गल्लीत पंजाबराव आडवे आले. जुने सरपंच, बोलणं साखरेचं. "पोरी, तू दोन दिवसांची पाव्हणी. काऊन गावात भांडण लावून राह्यली? फिर मागं."

आता आई सॉरी म्हणणार, म्हणून धम्मशीला सवयीनं बोलायला पुढं झाली. आईनं तिला हातानं मागं सारलं.

"फिरत नाही. विसावा इथंच," महामाया म्हणाली. तिरडी थेट पंजाबरावांच्या दाराशी टेकवली आणि शेजारी मांडी घालून बसली.

झाली ना पंचाईत. दाराशी मयत असताना चूल पेटत नाही, घास तोंडात जात नाही, आणि हा नियम मोडणाऱ्याला पंजाबरावांनीच आजवर चारचौघांत झापलेलं. ऊन चढलं. गल्लीतली पोरं भुकेनं किरकिरायला लागली.

"उचल ना आता," पंजाबराव म्हणाले.

"रस्ता सोडा, उचलते. मले घाई नाही. माह्या बापाले तं अजिबातच नाही."

धम्मशीला आईकडं बघतच राहिली. ही बाई इतकी वर्षं कुठं होती, असं तिला झालं.

शेवटी पंजाबरावांची बायको, सुभद्राबाई, दारात आली. "सरका हो बाजूले. नातवंडं उपाशी मारता काय?"

पंजाबराव सरकले. तिरडी उचलताना महामायाचा पाय त्यांच्या पायावर पडला. धम्मशीला तो शब्द ऐकायला थांबली. आई काहीच म्हणाली नाही.

मग धम्मशीलानं मामाच्या खांद्यावरचा दांडा आपल्या खांद्यावर घेतला आणि झपझप चालायला लागली.

"सावकाश चाल," पुढून आई म्हणाली. "साऱ्याइले पाहू दे."