पाऊण इंचाचा घोळ

काकूंनी वयाच्या बावन्नाव्या वर्षी मोटार दुरुस्तीच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा घरात तीन दिवस नुसता हशा पिकला होता. नवरा मालवाहू टेम्पो चालवायचा. तो म्हणाला, "तीस वर्षं शर्ट शिवलेस, आता काय इंजिनाला बाह्या लावणार आहेस?" नणंदेने फोनवरून त्यात कॉलरची भर घातली. हसली नाही ती एकटी सून. अर्ज तिनेच भरला होता, आणि पुढचे आठ महिने रोज संध्याकाळी भाजी चिरता चिरता तिने सासूची उजळणी घेतली. उत्तर चुकलं की ती सुरी ताटावर वाजवायची. तिला स्वतःला स्पार्क प्लग आणि कुकरची शिट्टी यांतला फरक सांगता आला नसता, ही गोष्ट वेगळी.

आज प्रात्यक्षिक परीक्षा होती.

काकू इतक्या लवकर पोचल्या की वर्कशॉपचं शटर त्यांच्यादेखत वर गेलं. भीती वाटत नव्हती. लहानपणी शाळेच्या सहलीच्या दिवशी न उठवता जाग यायची, तसलं काहीतरी होतं ते. गळ्यात शिवणकामाची टेप होती. तीस वर्षांच्या सवयीने निघताना ती आपोआप अडकवली गेली होती, आणि बसमध्ये शेजारच्या बाईने "अहो, टेप राहिलीय गळ्यात," असं सांगितल्यावरही काकूंनी ती काढली नव्हती. असू दे, तेवढाच आधार.

वर्कशॉपच्या मधोमध दोन पांढऱ्या गाड्या उभ्या होत्या, जुळ्या बहिणींसारख्या. एक काकूंच्या वाट्याला आली, दुसरी टॅक्सीवाल्याच्या. हा टॅक्सीवाला त्यांच्याच वर्गातला. एकोणीस वर्षं दुसऱ्याची टॅक्सी चालवून कंटाळला होता आणि आता स्वतःचं गॅरेज टाकायचं म्हणत होता. माणूस दिलाचा, पण तोंडाला कुलूप नाही.

परीक्षक बाहेरून आले होते. उंच, किडकिडीत, कानावर पेन्सिल, चेहऱ्यावर हसू औषधालाही नाही. त्यांनी दोघांच्या हातात एकेक कागद ठेवला.

"ऑईल बदला. फिल्टरही नवा बसवा. इंजिनात ऑईल किती आहे ते पट्टीवर मोजा, या कागदावर लिहा आणि मग मला बोलवा. पट्टीवर दोन खुणा आहेत. ऑईल वरच्या खुणेला टेकलं पाहिजे. वर गेलं तर नापास, खाली राहिलं तर नापास. वेळ दीड तास."

"आणि डोळ्यांत तेल घालून बघा बरं का!" वर्गाचे मास्तर मागून म्हणाले. "गाडीतलं नव्हे!" स्वतःच्या विनोदावर ते एकटेच खळखळून हसले.

घड्याळाचा काटा हलला. टॅक्सीवाला लगेच गाडीखाली सरपटला. काकूंनी मात्र खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं आणि गाडीशेजारी फरशीवर आडवं ठेवलं. रीळ जरासं थबकलं आणि गडगडत भिंतीकडच्या जाळीपाशी गेलं. धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून तिकडे उतार काढलेला होता.

"सर, ही जागा सपाट नाही. गाडी तिरकी असली तर ऑईल एका बाजूला जमेल आणि पट्टी खोटं बोलेल. गाडी तिकडे दाराजवळ घेऊ?"

परीक्षकांनी मान हलवली. चेहरा तसाच, पण कानावरची पेन्सिल हातात आली आणि वहीवर काहीतरी खरडलं गेलं. ते पाहून टॅक्सीवाला गाडीखालून बाहेर आला. "मग माझीपण घेऊ का?" त्याने विचारलं आणि आपलीही गाडी काकूंच्या शेजारी ढकलत आणली.

पुढचा तास काकूंचे हात शिवणयंत्रासारखे चालले. नट सैल केला, काळंकुट्ट ऑईल परातीएवढ्या भांड्यात पडू दिलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबल्या. जुना फिल्टर काढला, नव्याच्या रबराला बोटाने ऑईल चोळलं, हाताने घट्ट केला. नटाला नवं वायसर. मग गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं माप, फिल्टर धरून साडेतीन लिटर. मापाचं भांडं डोळ्यांच्या रेषेत धरून त्यांनी ते मोजलं आणि फनेलमधून ओतलं. इंजिन दोन मिनिटं चालवलं, म्हणजे फिल्टरच्या पोटात जायचं तेवढं ऑईल जाईल. बंद केलं. आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या.

"काय झालं?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"दहा मिनिटं. वर गेलेलं ऑईल इंजिनाच्या तळाशी, चेंबरमध्ये उतरू दे."

ही दहा मिनिटं मोठी अवघड गेली. काकूंना एका जागी उभं राहवेना. गाडीभोवती त्यांनी तीन फेऱ्या मारल्या. सगळं कसं चित्रासारखं जमलं होतं. आता पट्टी काढायची, वरची खूण, सही, आणि सुनेला फोन!

त्यांनी पट्टी काढली, फडक्याने स्वच्छ पुसली, पुन्हा शेवटपर्यंत दाबून आत घातली, थांबल्या आणि अलगद बाहेर ओढली.

तोंडचं पाणीच पळालं.

ऑईल खालच्या खुणेला जेमतेम टेकलं होतं. पट्टी पुन्हा पुसली, पुन्हा घातली, दोन्ही बाजूंनी पाहिलं. तेच. जवळजवळ एक लिटर ऑईल गायब! काकू धप्पकन गुडघ्यांवर बसल्या आणि गाडीखाली डोकावल्या. गळती कळावी म्हणून खाली पसरलेलं वर्तमानपत्र कोरडं ठणठणीत, फिल्टरही कोरडा, एक थेंब गळलेला नाही.

"ओता की अजून," टॅक्सीवाला कुजबुजला. त्याचं काम कधीच आटपलं होतं. तो फडक्याने बॉनेट चकाकवत होता. "पट्टी मागतेय तर द्यायचं. डबा आहे तिथे भरलेला."

काकूंचा हात डब्याकडे गेलाही. वीस मिनिटं राहिली होती. परीक्षकांना पट्टीच तर दाखवायची होती. एक लिटर ओतलं की ऑईल वरच्या खुणेला, आणि कागदावर सही. पण हात डब्यावरच थांबला. माप आपण घेतलंय, त्यांच्या मनात आलं. तीस वर्षांत एका गिऱ्हाइकाचा शर्ट तोकडा नाही झाला आपल्या हातून. साडेतीन म्हणजे साडेतीनच होतं. मग खोटं कोण बोलतंय?

"भाऊ, तुमची पट्टी काय म्हणते?"

"एक नंबर! वरच्या खुणेला बरोब्बर."

"किती ओतलंत?"

टॅक्सीवाल्याचं फडकं बॉनेटवर थांबलं. त्याने परीक्षकांकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू काकू? मीपण जरा बुचकळ्यात पडलोय. अडीच लिटरच ओतलं. इंजिन चालवलं, तुमच्यासारखा थांबलो, पट्टी बघितली तर फुल! म्हटलं, पुस्तकात छापताना चुकलं असेल." त्याने चाकामागे सरकवलेला डबा पायाने जरासा पुढे केला. आत राहिलेलं एक लिटर ऑईल डुचमळलं.

काकूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इकडे एक लिटर कमी, तिकडे एक लिटर जास्त!

"तुमची पट्टी द्या! द्या लवकर!"

"अहो पण..."

"द्या म्हणते ना!"

त्यांनी दोन्ही पट्ट्या पुसून फडक्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. मुठी सारख्या, पिवळ्या. खुणाही सारख्या दिसत होत्या. काकूंनी गळ्यातली टेप ओढली. मुठीखालच्या कडीपासून, म्हणजे पट्टी नळीत जिथे टेकते तिथपासून, वरच्या खुणेपर्यंत आधी एक मोजली, मग दुसरी. आपली नजर फसते आहे असं वाटून पुन्हा मोजली.

"पाऊण इंच," त्या म्हणाल्या, आणि मग एकदम मोठ्याने, "पाऊण इंचाचा फरक आहे! सर! सर, इकडे या! मास्तर, तुम्हीपण!"

वर्कशॉपमधल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. परीक्षक लांब ढांगा टाकत आले. मास्तर मागोमाग धावले.

"ही पट्टी या गाडीची नाहीच," काकू एका दमात बोलायला लागल्या. "माझी तोकडी आहे, ऑईलपर्यंत नीट पोचतच नाही, म्हणून कमी दाखवते. यांची लांब आहे, जास्तच खोल बुडते, म्हणून भरलेलं दाखवते. यांच्या इंजिनात एक लिटर कमी आहे, सर! माझ्यात बरोबर आहे. पट्ट्यांची अदलाबदल झालीय!"

"दोन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या आहेत," परीक्षक सावकाश म्हणाले.

मास्तरांचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "मॉडेल एकच, पण साल वेगळं. काकूंच्या गाडीच्या इंजिनाचं चेंबर नंतर बदललंय कंपनीने. ऑईल तेवढंच लागतं, पण चेंबर खोल... आणि काल मी दोन्ही पट्ट्या एकाच ट्रेमध्ये धुतल्या. माझ्याच हातून झालं हे."

"ते आता कळेल," परीक्षक म्हणाले. "बाई, पट्ट्या बदला."

काकूंनी लांब पट्टी आपल्या इंजिनात घातली. शेवटपर्यंत दाबली. त्यांनी पट्टी काढून आडवी धरली, उजेडाकडे वळवली.

ऑईलची मधासारखी रेघ वरच्या खुणेला टेकली होती. ना वर, ना खाली. उलट बाजूलाही तसंच.

"बसलं!" टॅक्सीवाला ओरडला. शर्ट अंगात नीट बसल्यावर म्हणावं तसं म्हणाला तो, आणि काकू अंगावर कोवळं ऊन पडावं तशा खुलल्या. त्याने घाईघाईने तोकडी पट्टी आपल्या गाडीत घालून पाहिली. ऑईल खालच्या खुणेशी! उरलेलं एक लिटर त्याने ओतलं. इंजिन चालवलं, बंद केलं. घड्याळात अकरा मिनिटं उरली होती.

"आता थांबा," काकूंनी दटावलं. "दहा मिनिटं पट्टीला हात लावायचा नाही."

तो थांबला. तोंडाने एक अक्षर न काढता थांबला, आठ महिन्यांत पहिल्यांदाच. पायाच्या चवड्यांवर उभा राहून घड्याळ बघत होता. शेवटच्या मिनिटाला त्याने पट्टी ओढली आणि ती थेट परीक्षकांच्या नाकासमोर धरली. वरची खूण!

परीक्षकांनी दोन्ही कागदांवर सह्या केल्या. टॅक्सीवाल्याला म्हणाले, "डब्यात उरलेलं ऑईल बघून तुम्हाला प्रश्न पडायला हवा होता. तुम्ही डबा लपवलात. त्याचे गुण कापलेत, पण पास आहात." मग ते काकूंकडे वळले. पेन्सिल पुन्हा कानावर गेली. "बावीस वर्षं परीक्षा घेतोय मी. उमेदवार नापास करतो. पट्टीलाच नापास करणारी उमेदवार पहिल्यांदा भेटली."

आणि ते हसले. दात दिसतील इतके.

काकू मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि त्यांनी सुनेला फोन लावला. हात पुसायचं भान नव्हतं. फोनच्या काचेवर तेलाची बोटं उमटली.

"हं आई, बोला! काय झालं?" पहिली रिंग पुरी व्हायच्या आत सुनेने उचलला होता.

"पास!"

पलीकडून अशी किंकाळी आली की काकूंनी फोन कानापासून हातभर लांब धरला. टॅक्सीवाल्यालाही ती ऐकू गेली आणि तो पोट धरून हसायला लागला.

"अगं हळू, शेजारी गोळा होतील!"

"होऊ देत! आई, सांगा ना सगळं. पट्टी नीट वाचलीत ना? सपाट जागा? दहा मिनिटं?"

"सगळं केलं. आणि वर..." काकूंना एकदम हसूच फुटलं. कुठून सुरुवात करावी कळेना. "घरी आल्यावर सांगते. दोन-अडीच तास लागतील सांगायला. आणि हे बघ, जेवायला थांबू नका. मला उशीर होईल."

"आता कशाला थांबलाय?"

"मास्तर म्हणताहेत, वर्कशॉपमधल्या बाकीच्या गाड्यांच्याही पट्ट्या मोजून द्या. नऊ आहेत."

मास्तर वही घेऊन समोर उभेच होते. काकूंनी जेवणाचा डबा उघडला, दोन घास उभ्या उभ्याच तोंडात टाकले आणि पहिल्या गाडीचं बॉनेट वर केलं.