बोटीसाठी ठेवलेले पैसे

कंपनीत त्याला सगळे कप्तान म्हणत. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला कप्तान कशासाठी म्हणायचं, असं नव्याने आलेल्या कुणी विचारलं की बाकीचे हसत हसत सांगायचे, हे गृहस्थ पन्नाशी उलटली की घर मोडून बोटीवर राहायला जाणार आहेत. शिडाच्या बोटीवर, बायकोला घेऊन. "आयुष्यभर वर-खाली करून कंटाळलाय बिचारा, आता त्याला आडवं जायचंय," असं त्याचा सुपरवायझर म्हणायचा. हा विनोद इतक्या वेळा होऊन गेला होता, की हल्ली कप्तान स्वतःच तो आधी करून मोकळा व्हायचा.

पण बेत खरा होता. लग्नाला काही वर्षं झाल्यावर, मूल होणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्या उन्हाळ्यात दोघं चार दिवस समुद्राकाठी गेली. तिथल्या धक्क्यावर नौकानयन शिकवणारे एक निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी दोघांना आपल्या बोटीतून फिरवून आणलं. कप्तानाची बायको एका मालवाहतूक कंपनीत हिशेब बघायची आणि तिला साध्या बसमध्येही मळमळायचं. पण त्या दिवशी ती सुकाणूचा दांडा धरून शेवटपर्यंत बसून राहिली आणि उतरल्यावर म्हणाली, "मला इथे राहायचंय." कप्तानाला वाटलं, ती गावाबद्दल बोलतेय. ती बोटीबद्दल बोलत होती.

मग सुट्टीचा दिवस मिळाला की दोघं मास्तरांकडे. शीड कसं चढवायचं, वाऱ्याला अंग कसं द्यायचं, नांगर धरलाय की नुसताच घसरतोय हे कसं ओळखायचं, सगळं मास्तरांनी ओरडून ओरडून शिकवलं. कधीतरी त्यांनी शब्दही देऊन टाकला. "मी थकलो की बोट तुमची. किंमत आजच ठरवू, म्हणजे पुढे कुणाचं तोंड वाकडं व्हायला नको."

दोघांच्या पगारातून दर महिन्याला पैसे शेअर बाजाराच्या फंडात जाऊ लागले. सोफ्याच्या स्प्रिंगा टोचायला लागल्या तेव्हा त्यांनी वर जाड चादर घातली. मित्रमंडळी परदेशी सहली करून आली, त्यांचे फोटो दोघांनी कौतुकाने पाहिले. ही सगळी काटकसर त्यांना कधी जड गेली नाही. फंडातले पैसे बोटीच्या किमतीपुढे जाऊन वर काही वर्षं बसून खाण्याइतके झाले, की निघायचं. ते आता फार लांब राहिलं नव्हतं.

आणि तेव्हाच ती साथ आली.

शहर बंद झालं. बायकोचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं आणि दुसऱ्याच महिन्यात तिचा पगार अर्ध्यावर आला. कप्तानाला मात्र घरी बसायची सोय नव्हती. माणसं घरात कोंडली तरी इस्पितळातल्या लिफ्ट चालूच राहायला हव्या होत्या, आणि शहरातल्या सगळ्यात मोठ्या इस्पितळाचं काम त्याच्याकडे होतं. तिथल्या लिफ्ट आधीच म्हाताऱ्या. आता त्या दिवसभर श्वास न घेता पळत होत्या. खाटा, ऑक्सिजनचे सिलिंडर, जेवणाच्या गाड्या, आणि पांढऱ्या चादरीखाली झाकलेली माणसं. दर दोन दिवसांनी एखादी मान टाकायची.

बाजार रोज कोसळत होता. "बघू नकोस," बायको म्हणायची. "आपल्याला उद्या थोडेच लागणारेत ते?" तोही मान डोलवायचा. पण गाडीत बसला की बोट आपोआप फोनवर जायचं. आकडा आदल्या दिवशीपेक्षा लहान झालेला असायचा. एवढ्या वर्षांच्या बचतीतला तिसरा हिस्सा बघता बघता हवेत विरला.

एका दुपारी खाटांची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. कप्तान अंगभर प्लास्टिकचा सूट चढवून लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरला. चष्म्यावर वाफ, हातमोज्यांत घाम, स्क्रू बोटांतून निसटत होता. वर दरवाजाशी एक वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन उभा होता. तो अधूनमधून वाकून विचारायचा, "झालं का हो?" कप्तान म्हणायचा, "होतंय." स्ट्रेचरवरच्या माणसाला आता कसलीच घाई उरलेली नाही, हे त्याला वर आल्यावर दिसलं. वॉर्डबॉय म्हणाला, "तशी घाई काही नाही, पण खाली त्यांचा मुलगा थांबलाय ना."

लिफ्ट सुरू झाली. कप्तान सूट उतरवून, हात धुऊन, परत धुऊन गाडीत येऊन बसला. त्याने फोन काढला. आकडा अजून खाली गेला होता. खरं सांगायचं तर त्याने विचार असा काही केलाच नाही. बाजार आणखी पडेल असंही त्याला वाटलं नाही, चढेल असंही नाही. एवढंच वाटलं, की डोक्यावर असलेल्या सतराशे साठ गोष्टींपैकी निदान एक तरी आज संपावी. त्याने सगळे फंड विकून टाकले. तुमची खात्री आहे का, असं फोनने विचारलं. त्याने हो म्हटलं, सीट मागे केली आणि तिथेच त्याचा डोळा लागला.

घरी गेल्या गेल्या त्याने बायकोला सांगितलं.

"सगळे?" तिने विचारलं.

"सगळे."

"अरे, निदान फोन तरी करायचास मला."

"केला असता तर तू थांब म्हणाली असतीस."

"मग?"

"मला थांबायची ताकद नव्हती गं."

तिने आरडाओरडा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिने लॅपटॉप मिटला, टेबलावरची जागा मोकळी केली आणि म्हणाली, "जेवून घे." पुढचे काही दिवस ती त्याच्याशी फक्त किल्ल्या, औषधं आणि कपडे वाळले का, एवढ्याच विषयांवर बोलली.

थोड्याच दिवसांत बाजार फिरला. साथ जोरात होती, इस्पितळात जागा नव्हती, आणि बाजार मात्र कुणाचं काही गेलंच नसल्यासारखा वर निघाला. ताईच्या नवऱ्याचा, म्हणजे भावोजींचा फोन आला. होऊन गेलेल्या गोष्टीचं भविष्य भावोजींना फार अचूक सांगता यायचं.

"अरे वेड्या, ही काय विकायची वेळ होती? ही तर घ्यायची वेळ!"

"तुम्ही घेतलं का, भावोजी?"

"आमचं वेगळं आहे रे. तुझी ताई हात लावू देत नाही."

"परत शिर बाजारात आता तरी," असं भावोजी वर म्हणालेच. कप्तानालाही ते पटत होतं. पण ज्या भावाला विकलं, त्याच्यापेक्षा महाग घ्यायचं म्हणजे आपणच आपल्या थोबाडीत मारून घ्यायची. जरा खाली येऊ दे, मग घेऊ, असं तो रोज ठरवायचा. बाजार खाली आला नाही. पैसे बँकेत नुसते पडून राहिले आणि कप्तान इस्पितळाच्या खड्ड्यांत उतरत राहिला.

त्या हिवाळ्यात मास्तर आजारी पडले. वाचले, पण छाती गेली. मुलीने त्यांना आपल्या घरी नेलं. तिथून एका सकाळी त्यांचा फोन आला. दोन वाक्यांच्या मधे ते थांबून श्वास गोळा करायचे.

"बोटीला गिऱ्हाईक आलंय. शहरातलं तरुण जोडपं. लोकांना आता... घरं नको झालीत. सगळ्यांनाच बोटी हव्यात. आपल्या ठरल्या किमतीच्या दुप्पट देतायत."

"मग?" कप्तानाने विचारलं.

"मग काय मग! बोट तुमची आहे. ठरल्या किमतीत. फक्त आता घेऊन टाका. मला ती नुसती बांधून ठेवलेली... बघवत नाही."

फोन ठेवल्यावर कप्तान म्हणाला, "किंमत द्यायला पुरतील. पण मग खाली खडखडाट. नोकऱ्या सोडायचं नावच नको. मी त्या दिवशी विकलं नसतं ना..."

"थांब," बायको म्हणाली. "तुला एक सांगायचंय. माझ्या नावावर तो छोटा फंड आहे ना, पगारातून आपोआप कापला जाणारा? तो मी बंद केलाच नव्हता. पगार अर्धा झाला तरी. सगळं पडलं तेव्हाही त्यात पैसे जात होते. आता तो बराच फुगलाय."

"तू घेत होतीस? त्या दिवसांत?"

"मी कसली घेते!" ती हसली, पण हसण्यात जीव नव्हता. "बंद करायला त्या साइटवर जायचं, पासवर्ड आठवायचा, कसलासा फॉर्म भरायचा. रोज म्हणायचे, उद्या करू. अंगात त्राणच नव्हतं रे. तू दमलास म्हणून विकलंस, मी दमले म्हणून राहू दिलं. माझ्या शहाणपणाचा यात काही संबंध नाही."

बऱ्याच महिन्यांनी दोघं एकमेकांकडे बघून हसली. मग कप्तान उगाचच रडला, आणि तिने त्याला रडू दिलं.

तिचे पैसे धरूनही निघण्याइतकं होत नव्हतं. बोट घेतली असती, तर तिचं धक्क्याचं भाडं भरण्यासाठी दोघांना राबावं लागलं असतं आणि बोट वर्षभर दोरीला बांधलेलीच राहिली असती. शिवाय दुसरीही गोष्ट होती. ती बायकोने बोलून दाखवली. "मास्तरांना दिवसभर बघायला बाई ठेवलीय. रात्रीची वेगळी. पोरगी एकटी किती करेल? आणि आपण जुन्या किमतीत बोट घेऊन यायची?"

ठरलं ते तिथेच. पुढच्या सुट्टीला दोघं मास्तरांच्या मुलीकडे गेली. मास्तर खिडकीपाशी खुर्चीत होते. नाकाला नळी लावलेली होती, अंगावरचा स्वेटर सैल झाला होता. बायकोने सांगितलं, बोट त्या जोडप्याला द्या.

मास्तर संतापले. "मी शब्द दिलाय! तुम्हाला काय, दया दाखवायचीय मला?"

"दया कसली, मास्तर," ती म्हणाली. "आमच्याकडे पैसे नाहीत. तुमचा शब्द आम्ही परत देतोय."

"शब्द परत घ्यायला तो काय... उसना दिला होता?" एवढं बोलून त्यांना ढास लागली. आतून मुलगी धावत आली. तिने या दोघांकडे रागाने पाहिलं नाही. जाताना दारात तिने कप्तानाच्या बायकोचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

मास्तर महिनाभर बोलले नाहीत. मग एकदा त्यांचा निरोप आला, बोट ताब्यात द्यायचीय, इंजिन कुरकुरतंय, येऊन बघ.

दोघं धक्क्यावर गेली. मुलीने मास्तरांनाही चाकाच्या खुर्चीतून तिथे आणलं होतं. कप्तानाने इंजिन उघडलं, पट्टा बदलला, तेल बदललं. नवीन मालक भला मुलगा होता, पण पार कोरा. "हिच्यावर वायफाय कितपत पोचतं?" असं त्याने विचारलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. कप्तानाच्या बायकोने त्या मुलाच्या बायकोला सुकाणूपाशी बसवलं आणि वारा कुठून येतोय हे गालावर कसं कळतं ते समजावलं. ती पोरगी मन लावून ऐकत होती.

बोट निघाली ती इंजिनवरच, डोलकाठी उघडीबोडकी ठेवून. मास्तर चाकाच्या खुर्चीत अर्धे उठले. "अरे, शीड तरी चढवा रे!" त्यांचा आवाज धक्क्याच्या टोकापर्यंतसुद्धा पोचला नाही. कप्तानाने दोन्ही हात तोंडाशी धरून तेच परत ओरडून सांगितलं. लांबून त्या मुलाने आनंदाने हात हलवला. त्याला वाटलं, निरोप देतायत.

परतीच्या वाटेवर शहर जवळ आल्यावर कप्तानाने आपला फोन बायकोच्या मांडीवर ठेवला.

"हे सगळं आता तू बघ. बँकेतले पैसेही हळूहळू तुझ्या त्या फंडात टाक. मला पासवर्डही सांगू नकोस."

"मलाच कुठे आठवतोय," ती म्हणाली. "आठवला की टाकते. दर महिन्याला थोडे थोडे. वर-खाली काही बघायचं नाही."

"किती वर्षं लागतील?"

"लागतील तेवढी. तोपर्यंत आपण राहिलो तर एखादी लहानशी घेऊ. वाकून शिरावं लागेल अशी."

"माझे गुडघे वाकले तर."

ती काही म्हणणार, तेवढ्यात फोन वाजला. इस्पितळाचा होता. खाटांची लिफ्ट पुन्हा अडकली होती. कप्तानाने सुस्कारा सोडला आणि गाडी वळवली.

"तुला आधी घरी सोडू?"

"नको. उगाच दोन फेऱ्या." तिने सीट मागे केली, चपला काढल्या आणि ओढणी डोळ्यांवर घेतली. "मी गाडीतच पडते. तू ये जाऊन. काच थोडी उघडी ठेव."

इस्पितळाच्या मागच्या दाराशी त्याने सावली बघून गाडी लावली. ती तोवर झोपलीही होती. त्याने काच चार बोटं खाली केली, मागून हत्यारांची पेटी काढली आणि दार आवाज होणार नाही असं हळूच लोटलं.