विहीणबाईंची नाणी

लेकीला सातव्या महिन्यातच दवाखान्यात झोपवून ठेवलं, तेव्हा टेलरबाईंनी मशीनवर कापड झाकलं, हातातली कामं शेजारणीकडे सोपवली आणि एक बॅग घेऊन त्या विहिणीच्या घरी येऊन उतरल्या. दवाखाना तिथून चालत दहा मिनिटांवर. भेटायला मात्र संध्याकाळचा एकच तास. बाकी दिवसभर दोघी विहिणी समोरासमोर. लग्नाला चार वर्षं झाली तरी त्यांचं बोलणं ‘बरं आहे ना?’च्या पुढे सरकलं नव्हतं.

विहीणबाईंनी तीस वर्षं एक्स-रे काढण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर त्यांना जुनी रोमन नाणी साफ करायचा नाद लागला. मातीने लडबडलेली ब्राँझची नाणी त्या एका व्यापाऱ्याकडून मागवत. खिडकीच्या कट्ट्यावर वाट्यांची रांग, प्रत्येकीत बॅटरीत घालतात तसलं शुद्ध पाणी आणि तळाशी एकेक काळं ढेकूळ. दर आठवड्याला पाणी बदलायचं, मऊ ब्रश फिरवायचा, भिंगाखाली सुईने कणकण माती उकरायची. नाणी सतराशे वर्षांपूर्वीची आहेत, असं त्या सांगत. टेलरबाईंना वाटे, असतील बापडी. तेवढ्या वर्षांत कुणी घासलेली नाहीत, हे दिसतंच आहे.

पण रिकाम्या हातांनी बसून त्यांच्या घशाखाली घास उतरेना. तिसऱ्या दिवशी विहीणबाई बाहेर गेल्या होत्या. टेलरबाईंनी तीन वाट्या उपसल्या, नाणी व्हिनेगर-मिठात बुडवली आणि तारेच्या घासणीने चकचकीत केली. विहीणबाई येताच दारातच तळहातावर धरून दाखवली.

विहीणबाईंनी चपलाही काढल्या नाहीत. नाण्यांवरची हिरवट साय गेली होती आणि तिच्याबरोबर चेहरे, अक्षरं, सगळंच. उरल्या होत्या तीन गुळगुळीत चकत्या.

“यातलं एक मी आठ महिने भिजवत होते,” त्या म्हणाल्या आणि आतल्या खोलीत निघून गेल्या.

टेलरबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बॅग भरायला घेतली, पण लेकीला काय सांगायचं ते सुचेना. शेवटी बॅग तशीच उघडी टाकून त्या आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

“मला रागवा हवं तर,” त्या म्हणाल्या, “पण गप्प नका बसू. दवाखान्यातही कुणी धड काही सांगत नाही. हाताला काम नसलं की माझ्या मनात नाही नाही ते येतं हो.”

विहीणबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. थोडं बाजूला सरकून म्हणाल्या, “माझ्याही येतं. अशी अपुऱ्या दिवसांची बाळं मी एक्स-रेच्या टेबलावर धरली आहेत. म्हणून तर सुई घेऊन बसते.”

त्या दुपारी त्यांनी कट्ट्याशी दुसरी खुर्ची ओढली. माती कुठली आणि साय कुठली, सुई कुठे थांबवायची, हे सगळं दाखवलं. टेलरबाईंनी चाळीस वर्षं काजं केली होती. सुई म्हणजे त्यांचं सहावं बोट. काम सावकाश, पण ओरखडा म्हणून नाही. पाचव्या दिवशी मातीतून एक कान वर आला, मग वेणी, मग नाक. कोणी तरी राणी होती. विहीणबाईंनी पुस्तक काढून अक्षरं लावून पाहिली. निम्मी झिजलेली, नाव काही जुळेना.

“नाक अगदी तुमच्या वळणावर आहे,” टेलरबाई म्हणाल्या.

तेवढं नाक सोडून नातीने माझं काहीही घ्यावं, असं विहीणबाई बोलून गेल्या, आणि दोघी पोट धरून हसल्या. ‘नात’ हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच कुणी उच्चारला होता. लक्षात आल्यावर दोघी थबकल्या, पण शब्द मागे घ्यावा असं कुणालाच वाटलं नाही.

असे चार आठवडे गेले. एका सकाळी विहीणबाईंच्या मुलाचा फोन आला आणि दोघी ब्रश टाकून तशाच निघाल्या. मुलगीच झाली होती. पावणेदोन किलोची, पण आपल्या आपण रडलेली. लेकही ठीक होती. खोलीच्या दारात नर्सने त्यांना अडवलं आणि नखांतली काळी-हिरवी माती पाहून विचारलं, कुठे खणत होतात? बेसिनपाशी दोनदा परत धाडलं. तिसऱ्यांदा धुतलेले हात पुढे करून दोघी उभ्या राहिल्या.

“तुम्ही घ्या आधी,” टेलरबाई म्हणाल्या.

“छे, लेक तुमची आहे,” विहीणबाई म्हणाल्या आणि एक पाऊल मागे सरकल्या.

नर्सला इतर कामं होती. तिने समोरच्या बाकाकडे बोट दाखवलं, दोघींना खेटून बसवलं आणि बाळ दोघींच्या मांडीवर मिळून ठेवलं.