ठिपक्यामागचा आवाज

त्याने झडप घालून रिमोट उचलला, पण घाईत भलतंच बटण दाबलं गेलं आणि टीव्हीचा आवाज बंद व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला.

पडद्यावर लढाऊ विमानाच्या कॅमेऱ्याने टिपलेलं राखाडी आकाश होतं आणि मधोमध एक पांढरा ठिपका. ना पंख, ना शेपूट, ना धूर. सरळ जाता जाता तो थबकला, वाऱ्याच्या उलट वळला आणि दिसेनासा झाला. लष्कराने ही चित्रफीत आजच जाहीर केली होती. पायलटचं नाव झाकलं होतं, आवाज मात्र तसाच ठेवला होता.

"अरे लबाडा, पळतोस कुठे?" पायलट म्हणाला आणि खो खो हसत सुटला.

सोफ्यावर कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या आईचा हात थांबला. लहानपणी त्याला आंघोळीसाठी पकडताना ती हेच म्हणायची.

वडील विमान उडवत होते तोवर आईने अर्धं आयुष्य खिडकीशी काढलं होतं. ते निवृत्त झाले त्या दिवशी तिने पोराकडून वचन घेतलं, की या घरातून आता कोणी वर जायचं नाही. तेव्हापासून तो तिला सांगत आला होता की हवाई दलाच्या गोदामात आपण बूट आणि कांबळी मोजतो. बायकोही इमानाने री ओढत होती. आता आईने नुसतं 'नको' म्हटलं असतं, तरी त्याने उद्याच उडणं सोडलं असतं. तिला पुन्हा खिडकीशी बसवायची त्याची छाती नव्हती.

बातमीवाल्यांनी चित्रफीत पुन्हा लावली. सगळं जग ठिपक्याकडे डोळे लावून बसलेलं. आईने डोळे मिटून घेतले आणि ते हसणं शेवटपर्यंत ऐकलं.

"काय आहे म्हणे ते?"

"अजून कोणालाच कळलेलं नाही."

"आणि हा पोरगा कोण?"

"असेल कोणी पायलट. नाव गुप्त ठेवतात."

"त्याच्या आईला ठाऊक असेल?"

"नसावं."

आईने त्याच्याच सदऱ्याची घडी घातली आणि तळहाताने दाबून सारखी केली.

"तुला भेटतो का रे तो? बूट न्यायला येत असेल."

"येतो कधीकधी."

"मग सांग त्याला, इतकं मनापासून हसणाऱ्याने आपलं काम सोडू नये. आणि खाली उतरलास की आधी घरी फोन करत जा, म्हणावं."

स्वयंपाकघरात बायको फिसकन हसली. त्याला इतका आनंद झाला की हसू आणि रडू एकदमच फुटलं.

"तुला काय झालं?" पुढचा कपडा उचलत आई म्हणाली. "मी त्याच्याबद्दल बोलतेय."